एकशेबारा वर्षांचा वाघ

उंबरसड्यावर एकोणीस घरं होती, दोनशे म्हशी होत्या आणि एक नाक होतं.

नाक सरकारचं होतं. सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराच्या, पार टोकाला, वाघजाईच्या शिवेच्या दगडापासून वीस पावलांवर एक हिरवा खांब उभा होता. वर सौरपाटी, मध्ये जाळीचं तोंड, खाली पेटीत मशीन. ऊन, पाऊस, धुकं काही असो, ते आपलं हवा ओढत बसलेलं. कागदोपत्री त्याचं नाव ‘जैवश्वास-३’. वाडीवर सगळे त्याला नाकाड्या म्हणायचे. नाकाड्याचं काय हवं-नको ते बघायची रेश्मा झोरे, सरकारची जैवसखी. दर सोमवारी म्हशी सुटल्या की सड्यावर जायचं, तोंडातला फिल्टर काढून पेटीच्या खणात घालायचा, नवा बसवायचा, आणि तासाभरानं पडद्यावर जो आकडा उमटेल तो वाडीला येऊन सांगायचा. एवढंच काम. पण त्या आकड्यावर एकोणीस चुली अडकल्या होत्या.

नाकाड्याची विद्या तशी सोपी. जगात जो कोणी जिवंत आहे तो सांडत असतो. माणूस कातडीचा कोंडा सांडतो, पक्षी पिसांची धूळ, बेडूक चिकट लाळ, फुलं पराग. हे सगळं हवेत तरंगतं आणि त्याच्या कणाकणात त्या जिवाचा डीएनए असतो, म्हणजे तो कोण, कुठल्या जातीचा, याची चिठ्ठी. नाकाड्या हवा ओढून या चिठ्ठ्या गोळा करायचा, वाचायचा आणि त्याच्याजवळच्या लाखभर जातींच्या यादीशी ताडून बघायचा. सड्यावर कोण कोण राहतं हे कळायला आता कुणाला पाठीवर दुर्बीण टाकून हिंडायची गरज नव्हती. जनावर दिसायची तर नव्हतीच.

पहिल्या वर्षी थोडा गोंधळ झाला. रेश्माचा नवरा सुनील खाली तालुक्याला डेअरीत होता, शनिवारी वर यायचा. एकदा येताना त्यानं बोंबील आणि सुकी कोळंबी आणली, आणि सोमवारी नाकाड्यानं साडेतीन हजार फुटांवर समुद्र असल्याचं कळवलं. तेव्हापासून माणूस, म्हैस, कुत्रं, कोंबडी आणि बाजारची मासळी यांना यादीतून वगळलं. बाकी प्रत्येक जातीला गुण ठरले. गवताला एक. देवगांडुळाला, म्हणजे बेडकाच्या बिनपायाच्या भाऊबंदाला, सहा. वाघाला चाळीस, कारण वाघ आहे म्हणजे त्याच्या खालचं सगळं आहे असं धरायचं. माणसाला शून्य, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

या गुणांवर कायदा बेतला होता, आणि कायदा करणाऱ्यानं कधी म्हैस पाळली नसावी. डोंगराची बेरीज चारशेच्या खाली गेली की तो ‘ओसाड’. ओसाड डोंगर खडी काढायला मोकळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजला आणि त्याचा हा सह्याद्री झाला; त्या काळ्या कातळाला आता मोठा भाव होता, आणि खडीवाले खाली खिंडीत मशिनी लावून आकड्याकडे डोळे लावून बसले होते. उलट बेरीज सलग तीन आठवडे सहाशेच्या वर राहिली की डोंगर ‘अतिसमृद्ध’. अतिसमृद्ध डोंगरावर माणूस नको. वाडी उठवायची आणि खाली माळावर पत्र्याच्या खोल्यांत नेऊन ठेवायची. चारशे ते सहाशेच्या मध्ये ‘सर्वसाधारण’. सर्वसाधारण असेल तर राहा.

म्हणून उंबरसड्याचं सगळं राजकारण सर्वसाधारण राहण्याचं होतं. आकडा चारशेतीसवर आला की रेश्मा म्हशी सड्यावर जास्त फिरवायला सांगायची. म्हशींच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचलं की त्यात बेडूक अंडी घालायचे, वायतुऱ्याची पाणफुलं उगवायची, आकडा चढायचा. आणि पाचशेनव्वद झाला की सगळ्यांची नजर नव्या पाखरांवर. बमूतात्या झोरे, म्हणजे वाडीतला रिकामा आणि म्हणूनच सर्वांत बोलका माणूस, एकदा दारातल्या जांभळीवर नवं पाखरू बसलेलं बघून त्याला हात जोडताना रेश्मानं पाहिला होता. “बाबा, पलीकडल्या डोंगरावर जा,” तो म्हणत होता. “तिकडं कमी हायत.”

त्या वर्षी दिवाळीआधी आकडा होता पाचशे एकाहत्तर. आणि मग वाघबारस आली.

वाघबारशीला उंबरसड्यावर वाघ हाकतात. म्हशी धुवून, शिंगं रंगवून झाली की वाडीतला एक माणूस वाघ होतो आणि गोठ्यात शिरतो. मग बायकापोरं निरगुडीचे फोक घेऊन त्याला बडवत बडवत वाघजाईच्या शिवेपार घालवतात. शिवेवर त्यानं तीनदा मागं वळून डरकाळी फोडायची आणि सगळ्यांनी म्हणायचं, “वरीसभर इकडं फिरकू नको.” मग त्याला खीर द्यायची. वाघ होण्याचा मान झोऱ्यांच्या घराकडे होता. गेली एक्केचाळीस वर्षं तो रेश्माचा सासरा धाऊबा याच्याकडे होता. धाऊबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काटक, आणि मार खाण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

वाघ होताना अंगावर घ्यायला वाघजाईच्या देवळात एक कातडं होतं. खरंखुरं. धाऊबाच्या आजाच्या काळातलं. केस झडलेले, पट्टे उडालेले, एका कानाला भोक. वर्षभर ते देवीमागच्या फडताळात असायचं आणि वर्षातून एकदाच बडवलं जायचं.

आजवर हे सगळं देवळामागच्या पायवाटेनं व्हायचं. त्या पावसात पायवाट ढासळली म्हणून धाऊबानं वाघ सड्यावरून नेला. नाकाड्याच्या अगदी नाकाखालून. शिवेच्या दगडाशी डरकाळ्या फोडताना पोरींनी असे काही फोक हाणले की कातड्यातून शंभर वर्षांची धूळ ढगासारखी उठली. सगळे शिंकले. नाकाड्यानं तेवढी ओढून घेतली.

सोमवारी पडद्यावर आलं: एकूण सहाशे अकरा.

रेश्माला वाटलं आपलं वाचताना चुकलं. तिनं खाली सरकवून बघितलं. वाघ, नर, एक. वय: एकशेबारा वर्षं.

आता हे वय कुठून आलं, ते सांगायला हवं. जिवंत जनावराच्या डीएनएवर वयाबरोबर बारीक बारीक खुणा पडत जातात, झाडाच्या वर्तुळांसारख्या. त्या मोजून नाकाड्या वय सांगायचा. पण जनावर मेल्यावर त्याचा डीएनए नुसता पडून राहत नाही, तो तुटत जातो, कुजत जातो, त्याच्याही खुणा राहतात. मेलेलं जनावर हवेत उडेल हे नाकाड्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं जगण्याच्या खुणा मोजल्या, मरणाच्या मोजल्या आणि सरळ बेरीज करून टाकली.

रेश्मा धावत घरी आली. धाऊबा ओसरीवर बसून पाठीला तेल चोळून घेत होता.

“मामंजी, ते कातडं आजच्या आज पेटीत घाला. कुलूप लावा. अजून दोन सोमवार असंच आलं तर वाडी उठंल.”

“देवीचा वाघ हाय तो. पेटीत घालायला काय लुगडं हाय?”

“तुमच्या देवीच्या वाघानं चाळीस गुण मिळवलेत.”

धाऊबाच्या चेहऱ्यावर जरा समाधान उमटलं. “मिळवणारच,” तो म्हणाला. “एक्केचाळीस वर्षं मार खातोय मी.”

तिनं समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी धाऊबानं मान डोलावली, पण त्या दिवसापासून तो तिच्याशी थेट बोलेना. काही सांगायचं झालं की गोठ्यातल्या चंद्री म्हशीला सांगायचा. “चंद्रे, तुझ्या मालकिणीला म्हणावं, भाकरीला मीठ कमी हाय.” रेश्मापण मग चंद्रीलाच उत्तर द्यायची. चंद्री दोघांचं ऐकून घ्यायची आणि दूध मात्र कमी देऊ लागली.

धाऊबानं कातडं पेटीत घातलं होतं, हे खरं. पण वाघ हाकल्यावर एकवीस दिवस कातडं, वाघ ज्या वाटेनं गेला तिथल्या शिवेवरच्या ऐनाच्या झाडाला टांगायचं असतं, तोंड बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे वाघाला परत जायची वाट कळते. एक्केचाळीस वर्षांत हे चुकलं नव्हतं. सुनेच्या मशिनीसाठी देवीचा रिवाज मोडायचा म्हणजे उद्या खरंच वाघ यायचा. म्हणून तो रोज दुपारी, रेश्मा दूध तापवत असताना, पेटीतून कातडं काढून ऐनावर टांगून यायचा आणि तिन्हीसांजेला आणून परत पेटीत ठेवायचा. वारा ऐनाकडून नाकाड्याकडे होता.

दुसऱ्या सोमवारी सहाशे बारा. वाघ कायम. एक फुलपाखरूही वाढलं होतं.

दोन आठवडे सलग वाघ म्हटल्यावर वरच्या ऑफिसात आनंदीआनंद झाला. या पट्ट्यात तीस वर्षांत वाघ नव्हता. एकशेबारा हा आकडा वाचून एका तरुण अधिकाऱ्यानं शंका काढली. त्याला विचारण्यात आलं की जैवश्वास चुकतो असं लेखी देतोस का? यंत्राचं उद्घाटन मंत्र्यांनी केलं होतं. त्यानं लेखी दिलं नाही. मग जगातला सर्वांत वयोवृद्ध वाघ आपल्याकडे आहे असं जाहीर झालं, आणि त्याचं नाव ‘भीष्म’ ठेवलं गेलं. तालुक्याच्या चौकात फ्लेक्स लागला: ‘वनराज भीष्म यांना ११२व्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ खाली सोळा शुभेच्छुकांचे फोटो, गॉगलसकट. वाघाचा फोटो कोपऱ्यात, आणि तो दुसऱ्याच कुठल्या वाघाचा.

शनिवारी सुनीलनं फ्लेक्सचा फोटो आणून दाखवला. धाऊबानं मोबाइल लांब धरून नीट बघितला.

“चंद्रीला सांग,” तो म्हणाला, “माझा फोटो न्हाय लावला.”

तिसऱ्या सोमवारी सकाळीच डॉ. ग्लॅडिस डिमेलो आल्या. नाकाड्या त्यांनी घडवला होता. मूळच्या वसईच्या, केस आखूड, पायात ट्रेकिंगचे बूट, सोबत एक ड्रायव्हर आणि सहा कॅमेरे. तिसरं वाचन त्यांच्या समोर व्हायचं होतं. ते सहाशेच्या वर गेलं की कागदावर सही, आणि महिन्याभरात वाडी उठवायला टेम्पो. कागद त्यांच्या पिशवीतच होता.

रेश्मा त्यांना सड्यावर घेऊन गेली. डिमेलो मॅडम वाटेत चार ठिकाणी वाकल्या. माती बघितली, विष्ठा शोधली, झाडांवर नखांचे ओरखडे शोधले. काहीच नव्हतं. बमूतात्या न बोलावता मागोमाग आला होता.

“एकशेबारा वर्षांच्या वाघाला दात नसणार,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. “मग खातो काय?”

“आंबील खात आसंल,” बमूतात्या म्हणाला. “आमच्याकडं म्हातारी माणसं तीच खात्यात.”

मॅडम हसल्या नाहीत. त्या शिवेच्या ऐनापाशी उभ्या राहिल्या, खोडावरून बोट फिरवलं आणि चिमटीत एक केस धरून उजेडात बघितला. पिवळट, ठिसूळ. दोन बोटांत चुरगळताच त्याची पूड झाली.

कातडं पेटीत राहिलं नव्हतं, हे रेश्माच्या तिथंच लक्षात आलं. तिनं फिल्टर काढला, पण खणात घातला नाही. हातातच धरून ठेवला. रुपयाएवढी ती पांढरी चकती. हिच्यात वाघ आहे हे तिला माहीत होतं. चकती चुलीत टाकता आली असती, पण प्रत्येकीवर नंबर होता. एक जरी हरवली तरी डोंगर ‘अविश्वसनीय’ ठरायचा, आणि अविश्वसनीय डोंगर ओसाडात धरायचे. म्हणजे खडीवाले. खरं सांगितलं तर वाघाचं कातडं घरात बाळगल्याबद्दल मामंजींना सात वर्षं. वय अठ्ठ्याहत्तर. आणि गप्प बसलं तर टेम्पो.

“रेश्मा,” मॅडम म्हणाल्या, “फिल्टर घाला.”

“मॅडम, आधी चहा घेऊ या का घरी?”

मॅडमनी तिच्या हाताकडे बघितलं. चकती अजून मुठीतच होती. “चला,” त्या म्हणाल्या.

ओसरीवर घोंगडं अंथरलं. चहा आला. बमूतात्यानं न विचारता दोन कप घेतले. मॅडम म्हणाल्या, “हे बघा, माणसं उठवली की म्हशी जातील. म्हशी गेल्या की इथं कमरेइतकं गवत माजेल, सड्यावरची बारीक फुलं गुदमरतील, खुरांचे खळगे राहणार नाहीत, बेडूक जातील. पाच वर्षांत हा आकडा साडेतीनशेवर येईल. हे मी तीनदा लिहून दिलंय.”

“मग वर काय म्हनत्यात?” बमूतात्यानं विचारलं.

“त्यासाठी कलम नाही म्हणतात.”

“आन् साडेतीनशे झाल्यावर माणसं परत आणत्यात?”

“नाही. साडेतीनशे झाल्यावर खडी काढतात.”

रेश्मानं चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, एक सांगायचं हाय,” ती म्हणाली. “त्यो वाघ—”

तेवढ्यात आतलं दार करकरलं आणि वाघ ओसरीवर आला. डोक्यावर भोकाच्या कानाचं मुंडकं, पाठीवर कातडं, खाली धोतर. हातात काठी, कारण आताशा गुडघा दुखायचा. ड्रायव्हर अंगणातून जो पळाला तो गाडीत जाऊन काच वर करून बसला.

“मॅडम,” धाऊबा म्हणाला, “तुमचा भीष्म आलाय. बसू कुठं?”

मॅडमनी शांतपणे सरकून जागा केली. धाऊबा बसला. कातड्याची धूळ चहात पडली.

“सुनेचं काय चुकलं न्हाय,” तो पुढं म्हणाला. “तिनं पेटीत घालाया सांगितलं हुतं. म्या रोज ऐनाला टांगत हुतो. रिवाज हाय. आता काय बेडी-बिडी घालायची ती मला घाला. पण पुढल्या वाघबारशीपर्यंत सोडा, न्हायतर वाघ कोण हुईल?”

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच तो म्हशीशिवाय बोलला होता. रेश्मानं पदर तोंडाला लावला, आणि ती रडते आहे की हसते आहे हे तिलाही नीट कळलं नाही.

मॅडमनी कातड्याची कड उलटून बघितली. “कुणी मारला हा?”

“कुणी न्हाय. माझ्या आज्याला खालच्या घळीत पडलेला घावला. म्हातारा होऊन मेला हुता. दात पार झिजलेले. आजा म्हणायचा, एवढा डोंगर राखला त्यानं, त्याला असा कुजू कसा द्यायचा? म्हणून देवीला वाहिला.”

“कधीची गोष्ट?”

“माझा बा पाळण्यात हुता. आज असता तर अठ्ठ्याण्णवचा असता.”

मॅडमनी मनात हिशेब केला. अठ्ठ्याण्णव वर्षं. त्यात म्हाताऱ्या वाघाची चौदा. एकशेबारा. म्हणजे आपलं यंत्र बेरजेत चुकलं नव्हतं. त्याला फक्त मधली एक गोष्ट कळली नव्हती, की वाघ मेलाय.

“यंत्र चुकलं असं लिहिलं तर माझ्यासकट सगळा विभाग अडचणीत येईल,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि तुम्ही तुरुंगात. पण वाघ मेला असं लिहायला काहीच अडचण नाही. तो मेलेलाच आहे.” त्यांनी पिशवीतून वेगळाच कागद काढला. “पंचनाम्यात तारीख सापडल्याची लागते, मेल्याची नाही. तो रकानाच नाहीये.”

आणि त्यांनी लिहिलं. वाघ, नर. वय एकशेबारा वर्षं, जैवश्वासच्या वाचनानुसार. स्थिती: मृत. मृत्यूचं कारण: वार्धक्य. अवशेष: केवळ कातडी. कळवणार: धाऊबा बाळू झोरे. साक्षीदार म्हणून बमूतात्यानं सही केली, आणि शेजारी मोबाइल नंबरही टाकला, कुणी विचारला नव्हता तरी.

रेश्मा मॅडमना घेऊन परत सड्यावर गेली. फिल्टर खणात घातला. सहाशे बारा. त्याखाली मॅडमनी कळ दाबून नोंदवलं: वाघ मृत, गुण वजा चाळीस. पाचशे बहात्तर. सर्वसाधारण. टेम्पोचा कागद पिशवीतून बाहेर आलाच नाही.

त्याच चौकात आठवड्याच्या आत दुसरा फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. तेच सोळा फोटो, फक्त गॉगल काढलेले. कातडं शहरातल्या संग्रहालयात काचेत गेलं आणि धाऊबाला मृत वाघाची माहिती तत्परतेनं दिल्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला. समारंभात त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. “लई जीव लावला हुता त्यानं,” तो म्हणाला आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले. एक्केचाळीस वर्षं दोघांनी एकत्र मार खाल्ला होता.

निघण्याआधी मॅडमनी आणखी एक काम केलं होतं. सड्याच्या भेगांत त्या कातड्याचे केस अडकलेले असणार, ते पुढची कित्येक वर्षं निघणार नाहीत. दर वाघबारशीला वाडी तिथं नाचली की ते उडणार आणि नाकाड्या पुन्हा वाघ सांगणार. म्हणून त्यांनी यंत्रात एक ओळ भरली: वाघबारशीच्या मागेपुढे सात दिवस आढळलेला वाघ उत्सवी समजावा व वगळावा. बोंबलांच्या खालीच ती ओळ बसली.

पुढच्या वर्षी धाऊबानं घोंगडी पांघरून वाघ केला. घोंगडीवर चुन्याचे पट्टे ओढले होते. पायवाट दुरुस्त झाली होती, पण आता सड्यावरूनच जायची सवय लागली होती. पोरींनी बेतानं मारलं. वाघ एकोणऐंशीचा झाला होता.

सोमवारी सकाळी रेश्मा नाकाड्याकडे गेली. धुकं नुकतं उठत होतं, खळग्यांतल्या पाण्यावर वायतुऱ्याची शेवटची फुलं राहिली होती. फिल्टर घातला आणि ती दगडावर बसून राहिली. तासाभरानं आकडा आला. पाचशे त्र्याऐंशी. खाली ओळ: वाघ, उत्सवी, वगळला.

ठीकच की, म्हणून ती उठली. मग परत बसली. सहज तपशील उघडला.

मादी. वय: चार वर्षं.

तिनं ते तीनदा वाचलं. वाघीण धरली तर सहाशे तेवीस. मग ती शिवेच्या दगडापाशी गेली. चंद्रीच्या खुराच्या खळग्याला लागून, ओल्या मातीत, तळहाताएवढा पंजा उमटला होता. कडा अजून ताज्या. त्याच्या पुढे आणखी एक, आणि त्याच्या पुढे आणखी. शिवेच्या आत येणारे.

ऐनाखाली रेंज यायची. तिनं फोन लावला.

“मॅडम, ते वगळायचं कलम बरोबर चालतंय, एवढंच सांगायला केला.”

“उत्सवी वाघ आला का?”

“आला.”

“किती वर्षांचा?”

“यंदा मादी हाय,” एवढंच रेश्मा म्हणाली. दूर गोठ्याकडून म्हशींच्या घंटा वाजत होत्या.

“सात दिवस ठेवलेत ना मी?” मॅडम म्हणाल्या. “पुरतील?”

“वाढवता येत्यात का?”

“उत्सव किती दिवस चालतो ते मी कशी ठरवणार? देवीचं कॅलेंडर वाडीकडे असतं. तुम्ही लिहून पाठवा, मी भरते.”

“वरीसभर चालतो असं लिहिलं तर?”

“लिहा की. मोठी देवी दिसते तुमची.”

फोन ठेवून ती वळली तर मागे धाऊबा उभा. काठी टेकत तो सड्यावर कधी आला ते तिला कळलंच नव्हतं. तो पंज्याकडे बघत होता.

“मामंजी, यंदा वाघ नीट हाकला न्हाय तुम्ही,” ती म्हणाली. “तो गेलाच न्हाय.”

धाऊबा गुडघ्यावर हात ठेवून वाकला. पंज्याच्या कडेनं बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

“त्यो न्हवं,” तो म्हणाला. “वाघीण हाय. पोटात पिल्लं असतीलबी, सांगता येत न्हाय.” तो उठला, तिन्ही बाजूंना नजर फिरवली आणि आवाज न चढवता म्हणाला, “म्हशी आजपासून दिस बुडायच्या आत बांधायच्या. आन् घळीकडं कुणी लाकडाला जायचं न्हाय. सगळ्यांना सांग.”

“काय म्हणून सांगू?”

“रिवाज हाय म्हणून सांग.”

दोघं वाडीकडे निघाली. पहिल्याच घराच्या अंगणात बमूतात्या दात घासत बसला होता. दर सोमवारसारखाच त्यानं तोंडातला फेस थुंकून विचारलं, “काय गं, किती आला?”

“पाचशे त्र्याऐंशी,” रेश्मा म्हणाली. “सर्वसाधारण.”